कोरडा आवाज

आवाजांचे दोन स्वभाव असतात, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. काही आवाज मुक्काम लांबवणाऱ्या पाहुण्यासारखे असतात. देवळातली घंटा एकदा वाजवली की वाजवणारा पायऱ्या उतरून चपला शोधू लागतो, तरी ती आपली गुणगुणतच असते. दुसरे आवाज येतात, आपले काम करतात आणि उठून जातात. अडकित्त्यात सुपारी फुटते तो आवाज असा. कडक भाकरीचा पापुद्रा मोडतो तो असा. दिवाळीत पोरे लवंगी फटाक्यांची माळ सोडून, काटकसर म्हणून एकेक फटाका वेगळा उडवतात, तोही असाच. त्याला मागे शेपूट नसते.

या दुसऱ्या प्रकारच्या आवाजाला कोरडा आवाज म्हणतात, हे मला गेल्या वर्षी कळले. शब्द ऐकला आणि जरा विचित्र वाटले. ‘कोरडा’ हा शब्द आपल्या भाषेत फारसा चांगल्या घरातला नाही. कोरडी भाकरी गरिबाची, कोरडा उपदेश मास्तराचा, कोरडी सहानुभूती सोयऱ्याची. आमच्या माळशिरस तालुक्यात तर ‘कोरडे’ म्हटले की माणूस आधी आभाळाकडे बघतो. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी जिथवर पोचले तिथवर ऊस उभा राहिला. जिथे पोचले नाही तिथे ज्वारी आणि काळजी ही दोन पिके अजून न चुकता येतात. पण याच शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे. पोतराजाच्या हातात असतो त्या आसुडालाही आपण कोरडाच म्हणतो. तो हवेत फिरला की ‘कडाड्’ असा एकच आवाज होतो आणि मग काही नाही. ओल नसलेला आणि फटकारा मारणारा, असे दोन्ही अर्थ या कोरड्या आवाजात एकत्र नांदतात.

मला हे सारे शिकवले ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. शाळेत असताना त्याचे बोट बाकावर कधी स्वस्थ बसले नाही. पाढे म्हणतानासुद्धा तो ठेका धरायचा, आणि बे एके बेच्या पाढ्याला असा काही डौल आणायचा की सगळा वर्ग डोलू लागे. आता तो पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करतो. गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी त्याची मोटार आमच्या दारात थांबली. मागल्या बाजूने चार पेट्या, तारांची वेटोळी आणि तिपाया उतरल्या. चहा व्हायच्या आत तो म्हणाला,

“गुरुजी, मला हलगीचा आवाज पाहिजे.”

“मग इथवर कशाला आलास? पुण्यात हलग्या थोड्या आहेत काय?”

“हलग्या आहेत. आवाज नाही.”

आणि त्याने माझ्या कानांवर ते दोन वाटीएवढे यंत्र चढवले.

रॉक म्हणून जे विलायती संगीत आहे, त्याची ती पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची ध्वनिमुद्रणे होती. माझे कान भजनावर आणि तमाशावर वाढलेले. गाण्यातले मला काडीचे कळले नाही. पण त्यामागे वाजणारा ड्रम मात्र समजला. एखादा गडी अंगणात लाकूड फोडत असावा, आणि प्रत्येक घाव जिथे बसायचा तिथेच बसावा, तसे ते वाजत होते. ठोसा छातीवर बसत होता, पण त्याचा गलका होत नव्हता. दोन ठोक्यांच्या मध्ये लख्ख मोकळी जागा होती आणि त्या जागेतून गाणारा माणूस सुखाने ये-जा करीत होता.

“हा आवाज कसा काढला असेल, सांगा,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “जोरात वाजवून.”

तो हसला. मग त्याने ज्या कथा सांगितल्या, त्या ऐकून आमच्या घरच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून हातातले लाटणे घेऊन ओट्यापर्यंत येऊन उभे राहणे पसंत केले.

लंडनला बीटल्स नावाचा चौघांचा ताफा होता. १९६६ साली त्यांच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीचे काम चालू असताना जेफ एमरिक नावाचा वीस वर्षांचा पोरगा ध्वनिमुद्रणाला बसला होता. पायाने वाजवायचा तो मोठा ढोल फार घुमतो, म्हणून त्याने त्याच्या पोटात एक लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक नियमात बसत नव्हता इतका जवळ नेला. पुढे १९६९ साली ‘कम टुगेदर’ या गाण्याच्या वेळी त्यांच्या रिंगो स्टार या वादकाने ड्रमांवर चक्क भांडी पुसायची फडकी पसरली. तिकडे अमेरिकेत मेम्फिस शहरातला अल जॅक्सन हा वादक म्हणे आपले पैशाचे पाकीटच ड्रमच्या कातड्यावर ठेवून वाजवी. १९७० नंतर तर पुष्कळांनी ड्रमचे खालचे कातडे काढूनच टाकले. हेतू एकच. कातडे थरथरत राहता कामा नये. ठोका हवा, पण त्याची शेपटी नको.

“म्हणजे फडक्याशिवाय त्यांचंही काही चालत नाही,” आमची मंडळी समाधानाने म्हणाली आणि आत गेली.

मला आठवली ती आपली कणीक. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओल्या कणकेचा गोळा थापतात, तेव्हा तो खर्जात आणि भारदस्त बोलतो. आषाढीला ज्ञानोबांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम होतात. सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला आणि पुढे खुडूस फाट्याला गोल रिंगण होते. त्या आठवड्यात हजारो टाळ आणि शेकडो मृदंग कानांवरून जातात. आवाजाला आवर घातला की तो कमी होत नाही, नेमका होतो, हे मृदंग्याला लंडनच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. कणीक काय, स्वेटर काय, युक्ती एकाच जातीची.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. वाद्याला आवरता येते. खोलीला कोण आवरणार?

हे आम्हांला पहिल्याच दिवशी कळले. शाळेला सुट्टी होती म्हणून एका वर्गात हलगी वाजवून पाहिली. पत्र्याचे छत, सिमेंटच्या भिंती, शहाबादी फरशी. एक ठोका मारला तर त्याचे दहा झाले. असा घुमारा की कुठला ठोका कोणाचा हेच समजेना. मला मात्र त्यात नवल वाटले नाही. चाळीस मुले बसलेल्या वर्गात माझा आवाज शहाण्यासारखा वागतो, आणि मे महिन्यात रिकाम्या वर्गात हजेरीपट घेताना नुसता खाकरलो तरी कोणी दुसराच खाकरल्यासारखे वाटते. मुले आवाज पितात. त्यांची अंगे, त्यांचे कपडे, त्यांची दप्तरे, सगळी मिळून तो पिऊन टाकतात.

गंमत म्हणजे हे गणित प्रथम मांडले तेही एका मास्तरानेच. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाचा पदार्थविज्ञानाचा तरुण अध्यापक होता. तिथे फॉग कलासंग्रहालयात नवे व्याख्यानगृह बांधले होते, पण तिथे व्याख्यान कोणाला कळेना. एकदा उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. पहिला शब्द विझायच्या आत पुढचे दहा-पंधरा त्याच्यावर येऊन पडत. हे निस्तरायचे काम सॅबिनकडे आले. त्याने दुसऱ्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री वाहून आणाव्यात, ऑर्गनची एक नळी वाजवावी, आवाज विझायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजावे, आणि उजाडायच्या आत गाद्या जागच्या जागी पोचवाव्यात. गाद्या वाढल्या की घुमारा कमी. अशा कित्येक रात्री काढून त्याने नियम बसवला. खोली किती मोठी आणि तिच्यात आवाज पिणारी वस्तू किती, यावर घुमाऱ्याची लांबी ठरते. १९०० साली उघडलेले बोस्टनचे संगीतगृह त्याच नियमावर उभे राहिले. जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याची आजही गणना होते.

आमच्याकडे गाद्या नव्हत्या, वाकळी होत्या.

आमचे जुने घर माळवदाचे आहे. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडाचे छत आणि त्यावर मातीचा थर. मागल्या खोलीत आता कोणी राहत नाही. तिथे ज्वारीची पोती आणि कडबा असतो. माझ्या विद्यार्थ्याने तिथे जाऊन एक टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली. तो माझ्याकडे असा पाहू लागला, जसे काही मी त्याला गुप्तधन दाखवले होते.

“गुरुजी, अशी खोली बांधायला लोक लाखो रुपये घालतात.”

तरी त्याला आणखी थोडा आवर हवा होता. उंच, कर्कश आवाज पातळ कापडातही जिरतो. खालच्या आवाजाला जाड वस्तू लागते, आणि ती भिंतीपासून थोडी सुटी असली तर अधिक बरे. म्हणून पोती दोन कोपऱ्यांत रचली आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दोरीवर वाकळी टांगल्या. माझ्या आईच्या हातच्या दोन, सासूबाईंच्या तीन, उरलेल्या घरच्या. जुन्या लुगड्यांचे पाच-पाच, सहा-सहा थर घालून शिवलेल्या. देताना मंडळींनी मोजून अकरा दिल्या आणि “अकराच परत आल्या पाहिजेत” अशी ताकीदही दिली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आबा आले. मी त्यांना आबा म्हणतो, सारे गावच म्हणते. वय सत्तरीच्या पुढे. हलगी म्हणजे एक गोल कडे आणि त्याच्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे. ती डाव्या खांद्याला अडकवून छातीशी धरायची, उजव्या हातात जाड टिपरू आणि डाव्या हातात बारीक काडी. घुमक्यावर त्यांचा पुतण्या होता आणि कैताळ धरायला वस्तीतलाच एक जण. माझ्या विद्यार्थ्याने तिघांना ओळीने पाहिले आणि म्हणाला, “हाच की आपला ड्रमसेट! खाली घुमकं, मध्ये हलगी, वर कैताळ. तिकडे हे सगळं एक माणूस वाजवतो, इकडे तिघे वाजवतात, एवढंच.”

आबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि अंगणात उसाचे पाचट पेटवले. मार्गशीर्षातली हवा, दिवस कलला की कातडे दमट होते आणि हलगी भद्द बोलते. पाचट भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. त्या जाळावर आबा हलगी फिरवीत होते. मधून मधून बोटाने टिचकी मारून कान लावीत. जाळाने कातड्यातली ओल उडते, ते आखडते, ताण वाढतो आणि आवाज चढतो. पाच-सात टिचक्यांनंतर ती ‘टण’ अशी बोलली. आबा उठले. “चला. आता थांबायची न्हाई ती.”

न थांबण्याचा अर्थ पुढे कळला. हलगी तापली की काही मिनिटेच चांगली बोलते. माझ्या विद्यार्थ्याला एकेक ठेका वीस-वीस मिनिटे हवा होता. आबा मध्येच थांबत, हलगी कानाशी नेत, आणि न सांगता अंगणात जाळाकडे चालू लागत. आजकाल पुष्कळांच्या हलग्यांना फायबरचे पान आणि ताण द्यायला नटबोल्ट असतात. ती ना ओलीने सैल पडते, ना तिला जाळ लागतो. ड्रमवरही हेच घडले. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत प्लास्टिकची पाने निघाली आणि कातडे मागे पडले. सोय झाली यात शंका नाही. पण आबांची हलगी ऐकताना वाटले, की तिच्या आवाजात जी घाई आहे ती या थंड होत जाणाऱ्या कातड्याची आहे. आपल्याजवळ वेळ थोडा आहे हे तिला माहीत असते.

तबल्याचे तसे नाही. तबल्याला शाई असते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले, की त्या शाईच्या वजनामुळे कातड्याचे विस्कळीत सूर एका पटीत येऊन बसतात आणि तबला गाऊ लागतो. हलगीला शाई नाही. ती गात नाही, ती बोलते. तिला सूर धरून ठेवायचा नाही. म्हणूनच ती इतकी कोरडी राहू शकते.

तरीही हलगीचे कडे थोडे किणकिणत होते. माझ्या विद्यार्थ्याने पेटीतून चिकटपट्टी काढली, कापडाचा एक तुकडा कातरला आणि तो कातड्याच्या कडेला लावू लागला. आबांनी त्याचा हात धरला.

“ही चिंधी कशापायी?”

“घुमारा कमी व्हायला, आबा.”

“त्याला माझी छाती हाय की.”

आणि त्यांनी हलगी जरा आत ओढून छातीशी घट्ट धरली. टिपरू पडले. किणकिण नाहीशी झाली. स्वेटर, फडकी, पाकीट या साऱ्यांचे काम त्या म्हाताऱ्या बरगड्या गेली साठ वर्षे करीत होत्या, आणि कोणत्या ठोक्याला किती दाबायचे हे प्रत्येक वेळी वेगळे ठरवीत होत्या. फडक्याला ते जमणार नाही. माझ्या विद्यार्थ्याने चिकटपट्टी मुकाट्याने पेटीत ठेवली.

माइक लावण्यातही अशीच एक खुबी होती. हलगीपासून दोन माइक वेगवेगळ्या अंतरावर ठेवले, तर तोच ठोका एकाकडे आधी आणि दुसऱ्याकडे मागून पोचतो. आवाजाला एक मीटर जायला सेकंदाचा सुमारे तीनशेवा भाग लागतो. एवढ्याशा फरकानेही दोघे एकमेकांचे पाय ओढतात आणि ठोसा पातळ होतो. ग्लिन जॉन्स नावाचा एक नामांकित इंग्रज ध्वनिमुद्रक यासाठी दोन माइक ड्रमच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर लावीत असे. आमच्याकडे ते काम सुतळीने झाले. सुतळीचे एक टोक हलगीच्या मध्यावर, दुसरे एका माइकाला. मग तीच सुतळी फिरवून दुसऱ्याला. तिसरा माइक वीतभर अंतरावर, टिपऱ्याचा नुसता फटकारा टिपायला.

याच ग्लिनचा धाकटा भाऊ अँडी जॉन्स. त्याने अगदी उलटे केले. इंग्लंडमध्ये हेडली ग्रँज म्हणून १७९५ साली अनाथ-अपंगांसाठी बांधलेले एक जुने घर आहे. तिथल्या जिन्याखालच्या दिवाणखान्यात त्याने लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमला ड्रम वाजवायला बसवले आणि दोन माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. सारे घर घुमले, आणि १९७१ साली तबकडीवर आलेला तो आवाज आजही लोक डोक्यावर घेतात. ते गाणे होते १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचे. महापुराला ओला आवाज शोभलाच. मला वाटते, आवाज कोरडा चांगला की ओला, हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की त्या आवाजाला बोलायचे काय आहे.

हलगीला काय बोलायचे असते? कुस्तीच्या मैदानात ती पैलवानाच्या अंगात वारे भरते. जत्रेत ती देवाच्या पुढे चालते. बेंदराला बैलांच्या पुढे नाचते. पण याहून जुने तिचे एक काम होते दवंडीचे. चावडीसमोर चार ठोके पडायचे, गाव कान टवकारायचे, आणि हलगी एकदम गप्प व्हायची. मग त्या गप्प जागेत माणूस ओरडायचा, ‘ऐका हो ऐका.’ हलगी घंटेसारखी घुमत राहिली असती, तर शब्द कोणाला ऐकू गेले असते? मला कोड्याचे उत्तर सापडल्यासारखे झाले. कोरडा आवाज म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्याला जागा करून देणारा आवाज. रॉकच्या गाण्यात तो गायकाला जागा देतो, चावडीपुढे तो पाटील-कुलकर्ण्यांच्या हुकमाला देत असे.

हे मी मोठ्या उत्साहाने बोलून दाखवले. आबांनी मान हलवली. उंबऱ्यात त्यांचा मुलगा बसला होता, तो मात्र म्हणाला,

“गुरुजी, समद्यांच्या बोलन्याला जागा केली आमच्या हलगीनं. आमच्या बोलन्याला कुनी केली?”

खोलीत वाकळी होत्या. वाक्य घुमले नाही. जिथे पडायचे तिथे पडले.

मुलगा उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतो. बापाला त्यानेच फटफटीवरून आणले होते. त्याने स्वतः हलगीला कधी हात लावलेला नाही. मी कारण विचारले तेव्हा त्याने सरळ सांगितले, “हलगी गळ्यात दिसली की कुनी नाव विचारत न्हाई गुरुजी. जात कळलीया, आता नाव कशाला, असं असतंय.”

त्यात खोटे काय होते? आमच्या भागात हलगी बहुतेक मातंग वस्तीतून यायची, आणि दवंडी, सांगावे, मेलेली ढोरे ही गावकीची कामे ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्या मोबदल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ साली मुंबई राज्यात कायदा होऊन ही कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली. कितीतरी घरांनी त्या चळवळीत वाद्ये खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाहीत. बापाने वाजवावे आणि मुलाने हात लावू नये, यात कलेचा अनादर नाही. त्यात एक हिशेब आहे.

आणि आता त्याच हलगीला दिवस आले आहेत. आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांच्या ‘फँड्री’त, २०१३ साली, जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा त्यांना हलगी वाजवतानाच दिसला होता. २०१६ च्या ‘सैराट’ने तर आमच्या अकलूजची रिंकू राजगुरू घराघरांत नेली. त्यातल्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन मोठा वाद्यमेळ मुद्रित केला. गावाकडचा ठेका आणि परदेशातली व्हायोलिने एका गाण्यात नांदली. म्हणजे या आवाजाला किंमत आहे. ती कोणाच्या पदरात पडते, एवढेच मुलाला विचारायचे होते.

“ह्यो आवाज तुम्ही नेनार,” तो माझ्या विद्यार्थ्याला म्हणाला. “मशीनमंदी घालनार. उद्या कुनीबी बटन दाबलं की माझ्या बापाचा हात वाजनार. त्यावर नाव कुनाचं?”

हा प्रश्न मला फार योग्य वाटला, आणि माझ्या विद्यार्थ्यालाही वाटला याचा मला अभिमान आहे. हल्ली एकेक ठोका सुटा करून त्याच्या पेढ्या भरतात, आणि ज्याला हवा तो त्यातून उचलतो. त्यावर वाद्याचे नाव असते, देशाचेही असते. माणसाचे असतेच असे नाही. कायदा मात्र वादकाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क घातला गेला आणि २०१२ साली तो आणखी वाढवला. रात्रीच्या जेवणानंतर माझ्या टेबलावर बसून दोन पाने लिहिली गेली. दिवसाचे मानधन किती, आवाज कुठे वापरायचा, पुढे पैसे आले तर वाटा किती, आणि जिथे आवाज जाईल तिथे तिघांची नावे. मुलाने दोन्ही पाने दोनदा वाचली. एका ठिकाणी त्याने ‘सहवादक’ शब्द खोडून पुतण्याचे आणि कैताळवाल्याचे पुरते नाव घालायला लावले.

मग मला एक जुनी गोष्ट आठवली, ती मी सांगितली. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग नावाचा माणूस कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान या गायिकेचे गाणे तबकडीसाठी मुद्रित केले. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिराला कोणाचे गाणे कोणते हे कसे कळावे? म्हणून गाणे संपताच गायिकेने आपले नाव मोठ्याने सांगायचे. गौहरजानने ते इतक्या ठसक्यात सांगितले, की शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही ते तसेच ऐकू येते. तेव्हा माइक नव्हता, मोठा कर्णा होता. ढोल-नगाऱ्याचा धक्का बसला की सुई उडे, म्हणून असली वाद्ये दूर ठेवीत किंवा ठेवीतच नसत. १९२५ नंतर विजेवरचे मुद्रण आले तेव्हा कुठे हा धक्का पेलू लागला. म्हणजे त्या काळच्या कर्ण्यासमोर आबांसारख्याला नाव सांगायची वेळच येणार नव्हती.

शेवटचा ठेका रात्री दहाच्या पुढे मुद्रित झाला. पालखीमार्गावरची वाहने विरळ झाली होती. आबांनी हलगी शेवटची तापवून आणली आणि उभ्यानेच वाजवली. घुमके खालून भरत होते, कैताळ किनार धरून होता आणि मध्ये ती हलगी कोणाला न विचारता पुढे चालली होती. एकाएकी तिघेही एका ठोक्यावर थांबले. आवाज संपला. मागे काहीच उरले नाही; ना घुमारा, ना किणकिण. माझ्या विद्यार्थ्याने हाताने खूण केली. आबा जरा गोंधळले. आयुष्यभर त्यांनी या शांततेत दुसऱ्यांचे निरोप सांगितले होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि दवंडी देणाऱ्याच्या खणखणीत आवाजात आपले नाव सांगितले. बापाचे नाव, आडनाव, मुक्काम, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. जसे काही गावाला हुकूम सुनावत होते.

पुण्याला जाताना माझ्या विद्यार्थ्याने त्या ठेक्याचा एक तुकडा मुलाच्या फोनवर घालून दिला. अकराही वाकळी मंडळींना परत मिळाल्या. पाचटाच्या धुराचा वास त्यांना चार दिवस येत होता.

परवा नवरात्रात बाजारात मुलगा भेटला. आम्ही उभे असताना त्याच्या खिशातला फोन वाजला. बापाचीच हलगी, तीच कोरडी, तापलेली. आजूबाजूची माणसे वळून पाहू लागली. मी म्हणालो, “अरे, घे की फोन.”

“थांबा गुरुजी,” तो म्हणाला, “अजून नाव व्हायचं हाय.”